टेल

यांच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा कप्पा
संभाजीनगरला काढला, मार्गशीर्षात.
लिंबाएवढी गाठ होती.
डॉक्टरीणबाईंनी जावयाला डबीत दाखवली.
मी नाही पाहिली.
एकतीस वर्षं ज्या छातीची घरघर ऐकत झोपले
तिथलं काही डबीत बघावं
असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी उठून बसले.
तीन गोट्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र तोंडात धरून
श्वास ओढायचे.
एक गोटी वर, दुसरी अर्धी,
तिसरी तळाशीच.
"ती टेलची हाय," नर्सला म्हणाले,
"तिला पाणी उशिरा पोचतं."
नर्सला काही कळलं नाही.
मी हसले, तर हेही हसले
अन् टाके धरून बसले.

कालव्यावर नोकरी झाली यांची.
मानवतच्या खालच्या साऱ्या चाऱ्या तोंडपाठ:
बारा नंबरला रात्री गेट कोण उचलतं,
सतरा नंबर कुठं पाझरते.
जेवताना, भांडताना, झोपेत एकच म्हणणं,
वरच्यांनी कितीबी प्यावं,
टेलला पाणी पोचलं पाहिजे.

चौथ्या दिवशी सकाळी
चहाचा ग्लास उजव्या हातातून सुटला.
पडू दिला यांनी. खाली बघितलंसुद्धा नाही.
भाजलं का, मी विचारलं.
"टेल."
अहो, भाजलं का?
"टेल."
तोंडाचा एक कोपरा
ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा खाली आला होता.

मग बाईंनी बिलाच्या पाठीमागं चित्र काढलं.
कप्पा काढला की त्याची शीर बांधतात.
हृदयाकडं तिचं थोटूक उरतं, बोटाच्या पेराएवढं.
रक्त आत येतं, पुढं वाट नाही,
तिथंच घुटमळतं, साकळतं.
सगळ्यांचं नाही होत, म्हणाल्या, फार थोड्यांचं.
साकळलेलं सुटलं की हृदयातून निघून
वर डोक्यात जातं.
यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलं,
शब्द असतात तिथं.

मी नववी नापास.
पण हे चित्र मला शिकवायची गरज नव्हती.
बंद केलेल्या चारीचं तोंड असंच असतं:
वाहत्या कालव्याला चिकटून
हात-दीड हात न वाहणारं पाणी.
त्यात शेवाळ धरतं. एखाद दिवशी
वरून जोराचं पाणी सुटलं की गोळा निघतो,
दोन कोस खाली कुणाच्या तरी नळीत बसतो.
हे काढायचे काठीनं,
गुडघाभर पाण्यात, शिव्या देत.

रक्त पातळ करायची दवा द्यावी
तर ताजी जखम आतून वाहील.
न द्यावी तर दुसरी गाठ वाट बघत असेल.
माणिकराव म्हणाले, सासूबाई, तुम्हीच ठरवा.
सही केली. चौत्रा तातेराव.
उखाण्याबाहेर यांचं नाव
मी कागदावर तेवढं घेत आले,
रेशनला, बँकेला,
अन् इथं.

आता चैत्र. पंधरा दिवसांनी परभणीला रक्त तपासतात.
आकडा दोन आणि तीनच्या मधे पाहिजे.
यांच्या गेजच्या वहीत,
यांनी पाण्याची उंची जिथपर्यंत लिहिली
त्याच्याच खाली मी तारीख टाकून लिहिते.
दोन पॉइंट चार. एक पॉइंट नऊ. दोन पॉइंट सहा.

बोलायला शिकवणारी पोरगी चित्रं धरते.
आंबा? टेल. बैल? टेल.
मग मला पुढ्यात बसवते, या कोण?
हे फार वेळ बघत राहतात.
पोरीचा जीव कासावीस होतो.
तिला काय सांगू, बाई,
बोलता येत होतं तेव्हाही
"अगं"च्या पुढं कधी गेले नाहीत.

काल संध्याकाळी आवर्तन सुटलं.
ओसरीवर बसल्या बसल्या यांना वास आला,
डावा हात उचलून कालव्याकडं केला.
"टेल?"
शेवटाला आवाज वर गेला, पहिल्यांदाच.
पोचलं, मी म्हटलं.
खोटं. अजून दोन दिवस लागतील.
आठ वाजत आले होते,
मी गोळी काढायला आत गेले.